सल्ला : बाबांच्या फियाटची किंमत कोणी ठरवायची?

फोंड्याहून आलेल्या एका सविस्तर पत्राचा गोषवारा असा : "माझ्या वडिलांनी १९६६ साली घेतलेली फियाट ११०० डी आमच्या अंगणात वीसेक वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. वडील गेल्यावर मी ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले. तीन वर्षांत पत्र्याचे काम, रंग, क्रोम, सीटा, वायरिंग असे करत सुमारे ६ लाख ८० हजार रुपये खर्च झाला. सोयीसाठी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले, वातानुकूलन यंत्र आणि म्युझिक सिस्टीमही घातली. आता विमा कंपनी गाडीची किंमत ६० हजार रुपयांच्या वर धरायला तयार नाही. 'कॉम्प्युटर घेत नाही,' असे एजंट म्हणतो. परदेशात अशा गाड्यांची किंमत कंपनी आणि मालक आधीच ठरवून लिहून ठेवतात, असे वाचले. तसे इथे करता येते का? व्हिंटेज नंबर घेतला तर उपयोग होईल का? आम्ही दर सोमवारी गाडी मंगेशीला नेतो आणि अधूनमधून फेरीबोटीने दिवाडी बेटावर नातेवाइकांकडेही जातो. पॉलिसी ऑक्टोबरअखेर संपते. ता. क. : मूळ इंजिनाचा ब्लॉक फुटल्यामुळे एका पद्मिनीचे इंजिन बसवले आहे. त्याने काही फरक पडू नये."

सप्रेम नमस्कार.

आपण ता. क. म्हणून जे लिहिले आहे, तिथूनच मला उत्तराची सुरुवात करावी लागेल, कारण त्याने फरक पडतो आणि तो बाकीच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मोठा आहे. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन आपल्या फियाटच्याच घराण्यातले आहे, ते तिथे नीट बसते आणि चालते, हे खरे आहे. परंतु आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, जो इंजिन नंबर छापला आहे तो आता गाडीत नाही. मोटर वाहन कायद्याचे कलम ५२ अशा बदलांविषयीच आहे : इंजिन बदलले किंवा नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार केला, तर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते आणि मान्यतेविना बदल झाला असेल तर तो चौदा दिवसांच्या आत कळवायचा असतो. आपली ती मुदत केव्हाच टळली आहे, म्हणून आता उगाच वाट न पाहता फोंड्याच्या वाहतूक खात्याच्या कार्यालयात जाऊन, ते इंजिन कोणत्या गाडीतून, कोणाकडून आणि कोणत्या पावतीवर आले याचे कागद दाखवून, आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा. उशिराबद्दल दंड सांगितला तर तो भरून मोकळे व्हावे. भंगारवाल्याची पावती नसेल तर ती आजच मिळवावी, कारण इंजिन चोरीच्या गाडीतले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

हे इतके ठामपणे सांगण्याचे कारण असे की, विमा म्हणजे आपण कंपनीला गाडीविषयी जे खरे सांगितले त्यावर उभा राहिलेला करार असतो. मोठा अपघात झाला किंवा गाडी चोरीला गेली की सर्व्हेयर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा तज्ज्ञ, प्रथम चेसिस आणि इंजिनाचे नंबर आरसीशी आणि पॉलिसीशी ताडून पाहतो. ते जुळले नाहीत तर आपण किमतीबद्दल कंपनीशी कितीही उत्तम वाटाघाटी केलेल्या असोत, त्या कागदाला काही अर्थ उरत नाही. डिस्क ब्रेकचेही तसेच आहे. सुरक्षेच्या दृष्टीने तो बदल चांगला असला, तरी कारखान्यातून गाडी तशी आलेली नव्हती. तेव्हा इंजिनाबरोबर त्याचाही विषय त्याच भेटीत काढावा आणि प्रस्ताव-अर्जात तो स्पष्ट लिहावा.

आता मूळ प्रश्न. आपण वाचलेत ते खरे आहे आणि त्याची सोय आपल्याकडेही अगदीच नाही असे नाही, पण तिचे दार फार अरुंद आहे. २००२ सालच्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे मोटर विम्याच्या दर-नियमांच्या पुस्तकात, 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू' पॉलिसीचा, म्हणजे संमत मूल्याच्या पॉलिसीचा उल्लेख आहे : ठरलेली रक्कम संपूर्ण नुकसानीत घसारा, म्हणजे वयामुळे घटलेली किंमत, न कापता द्यायची, असा तिचा अर्थ. पण त्याच ठिकाणी अशी पॉलिसी सर्वसाधारण गाड्यांना देऊ नये, कंपनीची इच्छा असल्यास केवळ व्हिंटेज मोटारींना द्यावी, असे म्हटले आहे आणि व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी तयार झालेली व व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली मोटार, अशी व्याख्या दिली आहे. आपली फियाट त्या रेषेच्या सव्वीस वर्षे अलीकडची आहे. २००७ पासून विम्याचे दर मोकळे झाले आणि कंपन्यांना स्वतःच्या पॉलिसी आखण्याची मुभाही आली, तरी शाखेत टेबलापलीकडे बसलेला माणूस आजही त्याच चौकटीतून विचार करतो. म्हणून 'मला अ‍ॅग्रीड व्हॅल्यू द्या' असे म्हणत आत गेलात तर बहुधा 'नाही' हेच उत्तर घेऊन बाहेर याल.

सुदैवाने आपल्याला त्या शब्दांची गरजही नाही. पॉलिसीवर जी 'आयडीव्ही' लिहिलेली असते, म्हणजे विमाधारकाने घोषित केलेली किंमत, ती काढण्याचा तक्ता सर्वांना ठाऊक आहे : उत्पादकाच्या विक्री-किमतीतून सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४० आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा. तक्ता इथे संपतो. पाच वर्षांहून जुन्या आणि ज्यांचे उत्पादन बंद झाले अशा गाड्यांची आयडीव्ही विमा कंपनी आणि विमाधारक यांच्यातील परस्पर संमतीने ठरवावी, असे त्याच नियमांत लिहिले आहे. एजंटाच्या कॉम्प्युटरला हे ठाऊक नसेल, पण कंपनीला आहे. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे एकदा ठरलेली आयडीव्ही त्या पॉलिसीच्या काळापुरती बाजारभाव म्हणून धरली जाते, चोरी किंवा संपूर्ण नुकसानीच्या दाव्यात तिच्यातून पुन्हा घसारा कापला जात नाही. म्हणजे आपण जे संमत मूल्य मागत आहात ते नावाने नाही तरी परिणामाने तुम्हाला मिळू शकते. त्यासाठी ते अपघातानंतर भांडून नव्हे, तर आधी कागदावर आणून मिळवावे लागते.

साठ हजारांचा आकडा मान्य केला तर प्रीमियम वाचेल, असे एजंटाने आपल्याला सांगितले असेलच. त्या बचतीची दुसरी बाजू पाहा. पॉलिसीच्या अटींना अधीन राहून दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी 'टोटल लॉस', म्हणजे संपूर्ण नुकसान झालेली, ठरते. साठ हजारांचे ७५ टक्के म्हणजे ४५ हजार. कुर्टीच्या वळणावर एखाद्या ट्रकने आपल्या गाडीचा डावा मडगार्ड, दार आणि क्रोमचा बंपर दाबला, तर जुन्या फियाटचा पत्रा हाताने ठोकून सरळ करणाऱ्या कारागिराचे बिल ४५ हजारांच्या पुढे जायला वेळ लागणार नाही. मग तीन वर्षे राबून उभी केलेली, इंजिन ठणठणीत असलेली गाडी कागदोपत्री संपलेली असेल आणि कंपनी साठ हजार देऊन मोकळी होईल. हेच मूल्य साडेचार लाख असेल तर ती मर्यादा ३ लाख ३७ हजार ५०० रुपयांवर जाते आणि साध्या धडकेत गाडी दुरुस्त होऊन घरी परत येते. माझ्या मते आयडीव्ही वाढवून घेण्याचे हेच मुख्य कारण आहे, चोरीची भरपाई हे दुय्यम.

परंतु ६ लाख ८० हजार हा आकडाही धरून बसू नका. झालेला खर्च आणि गाडीची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला रंग फुगला म्हणून आपण दुसऱ्यांदा रंग दिला असेल तर दोन्ही रंगांचे पैसे खर्चात आहेत, किमतीत एकच रंग आहे. उलट वडिलांच्या काळापासून एकाच घरात असलेली, मूळ चाव्या आणि जुने आरसी बुक जपलेली गाडी खर्चापेक्षा अधिक मोलाची ठरू शकते. मुंबईत पद्मिनी टॅक्सींचा शेवटचा दिवस २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात उलटून गेला, तेव्हापासून कुर्ल्याच्या भंगार बाजारात सुट्या भागांचा ओघही आटत चालला आहे. तेव्हा एखादा मूळ भाग पुन्हा मिळवण्याचा खर्च हाही मूल्यांकनातला रास्त मुद्दा आहे.

हे मूल्यांकन आपण स्वतः लिहून दिलेत तर त्याला वजन राहणार नाही. विमा नियामक प्राधिकरणाचा परवाना असलेल्या आणि मोटर विभागात काम करणाऱ्या स्वतंत्र सर्व्हेयरला गाडी दाखवावी, ज्याने शक्यतो जुन्या गाड्या पाहिलेल्या असाव्यात. फी आधी ठरवून घ्यावी आणि ती आपणच द्यावी. नेमणूक कोणाची करावी, हे कंपनीच्या शाखेला आधी विचारले तर उत्तम, कारण त्यांच्या यादीतल्या माणसाचा अहवाल नाकारणे त्यांनाच अवघड जाते. अहवालात चेसिस आणि इंजिनाचे नंबर त्यांच्या ठशांसह किंवा जवळून घेतलेल्या छायाचित्रांसह असावेत. पत्रा, खालची चौकट, इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग, आतले कापड या प्रत्येकाची अवस्था वेगळी नोंदलेली असावी, केलेले बदल लपवलेले नसावेत आणि त्या अवस्थेतल्या तशाच गाड्या सध्या कोणत्या किमतीला विकल्या जात आहेत याचा आधार दिलेला असावा. शेवटी एकच आकडा आणि तारीख. 'साधारण चार ते सहा लाख' असा अहवाल माझ्या लेखी निरुपयोगी आहे, कारण कंपनी त्यातले चार घेईल आणि आपण सहा लक्षात ठेवाल.

गोव्यात एक अडचण हमखास येते, ती बिलांची. इथले उत्तम पत्रा-कारागीर आणि पेंटर अनेकदा घरामागच्या शेडमध्ये काम करतात आणि पैसे मिळाल्याची नोंद वहीच्या फाटक्या पानावर देतात. अशी पाने टाकून देऊ नका. त्या कारागिराकडून तारीख, केलेले काम आणि रक्कम लिहिलेली सही केलेली पावती आजही घेता येईल, आणि बँकेतून गेलेल्या पैशांची नोंद तिच्याबरोबर जोडता येईल. ताडपत्री काढली त्या दिवशीचे गंजलेले फ्लोअर, उघडा पत्रा, प्रायमर लावलेली बॉडी अशी छायाचित्रे आपल्या फोनमध्ये नक्की असतील. ती तारखेनुसार लावून छापावीत, कारण रंगाखाली काय आहे हे पुढे कोणालाच दाखवता येत नाही. समुद्रापासून दूर असलात तरी गोव्याच्या हवेत पत्रा आतून सडतो, हे सर्व्हेयरलाही माहीत असते आणि त्याची पहिली शंका तीच असते.

वातानुकूलन आणि म्युझिक सिस्टीम यांची किंमत मात्र गाडीच्या किमतीत मिसळू नका. उत्पादकाच्या किमतीत नसलेली विद्युत व इलेक्ट्रॉनिक साधने पॉलिसीत स्वतंत्र ओळीवर दाखवावी लागतात, आणि जुन्या टॅरिफप्रमाणे त्यांच्यावर किमतीच्या ४ टक्के अधिक प्रीमियम बसतो. साधने ६५ हजारांची असतील तर २,६०० रुपये. ती ओळ रिकामी राहिली तर ती साधने विम्यात नाहीत, एवढेच लक्षात ठेवावे.

प्रीमियमचा अंदाजही आधी घ्यावा. एक हजार ते दीड हजार सीसी आणि दहा वर्षांहून जुन्या मोटारीला जुन्या टॅरिफमध्ये स्वतःच्या नुकसानीपोटी आयडीव्हीच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास दर होता. आज प्रत्येक कंपनीचा दर आणि सवलत निराळी आहे, पण त्या जुन्या दराने साडेचार लाखांवर पंधरा-सोळा हजार रुपये होतात हे धरून चालावे, आणि दोन-तीन कंपन्यांकडून लेखी दर मागवावेत. यासाठी ऑनलाइन संकेतस्थळांवर वेळ घालवू नका, तिथे १९६६ हे सालच निवडता येणार नाही. सार्वजनिक क्षेत्रातल्या चारही सर्वसाधारण विमा कंपन्या आणि काही खासगी कंपन्या असे प्रस्ताव शाखेतून वरच्या, जोखीम तपासणाऱ्या अंडररायटिंग विभागाकडे पाठवतात. एजंटाला बाजूला ठेवून शाखाधिकाऱ्यांना अर्ज द्यावा, त्यात 'परस्पर संमतीने आयडीव्ही निश्चित करण्याबाबत' असा विषय स्पष्ट लिहावा, अहवाल आणि छायाचित्रे जोडावीत आणि पोच घ्यावी. नकार आला तर तोही लेखी मागावा. लेखी नकार देण्याची वेळ आली की अनेकदा विचार बदलतो, असा माझा अनुभव आहे.

व्हिंटेज नंबराविषयी माझे मत आपल्याला कदाचित आवडणार नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या वाहनाला 'व्हीए' मालिकेची नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. ही व्याख्या आणि विम्याच्या टॅरिफमधली १९४० ची व्याख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे एक मिळाली म्हणून दुसरीचा लाभ आपोआप मिळत नाही. थर्ड पार्टी, म्हणजे इतरांच्या नुकसानीपोटीच्या, प्रीमियममध्ये मात्र २०२२ पासून व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला निम्मी सवलत आहे. आपल्या गाडीसाठी ३,४१६ रुपयांऐवजी १,७०८. पण अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन आणि त्यासाठीचे इंधन व देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते, नेहमीच्या वापरासाठी नाही. सोमवारची मंगेशी त्यात बसत नाही, आणि बदललेले इंजिन व डिस्क ब्रेक यांमुळे तपासणी समिती काय म्हणेल ही शंका वेगळीच. वर्षाला सतराशे रुपये वाचवण्यासाठी गाडी घरात बसवून ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. नेहमीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवावी.

समजा सर्व जमले आणि पॉलिसीवर हवा तो आकडा आला. तरी एका बाबतीत निराशा होईल, ती आधीच सांगून ठेवतो. किरकोळ नुकसानीत, म्हणजे गाडी टोटल लॉस नसताना, बदललेल्या भागांवर घसारा लागतो आणि तो भागाच्या नव्हे, गाडीच्या वयावर ठरतो. दहा वर्षांपुढच्या गाडीला धातूच्या भागांवर ५० टक्के, रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरीवर कोणत्याही वयात ५० टक्के, फायबरवर ३० टक्के, काचेवर काही नाही. रंगाच्या सामानावरही निम्मी कपात होते. मजुरीवर घसारा नसतो, म्हणून कारागिराच्या बिलात सुटे भाग, रंगाचे सामान आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. अशा कामात मोठा वाटा मजुरीचा असतो आणि एकत्र बिलात तो हरवतो. घसारा न कापणारे झिरो डेप्रिसिएशनचे कवच कंपन्या सहसा काही वर्षांपर्यंतच्याच गाड्यांना देतात, तेव्हा गेल्याच वर्षी चढवलेल्या क्रोमच्या बंपरचे अर्धेच पैसे हाती येतील.

आणखी एक गोष्ट, जी मी स्वतः ठेच लागून शिकलो. माझ्या १९७९ सालच्या चेतक स्कूटरची आयडीव्ही एका कंपनीने अहवाल पाहून रीतसर ४० हजार मान्य केली होती. तिसऱ्या वर्षी मी फोनवरून दोन मिनिटांत नूतनीकरण केले आणि नव्या पॉलिसीवर आकडा ११ हजार झाला आहे हे पाहिलेच नाही. त्या पावसाळ्यात अंगणातला माड नेमका तिच्यावर कोसळला. कंपनीने कळवायला हवे होते असे मी पुष्कळ म्हटले, पण सही माझी होती. परस्पर संमती ही दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. नूतनीकरणाच्या वेळी प्रणाली आपणहून आकडा खाली आणते, म्हणून पैसे भरण्यापूर्वी आयडीव्हीची ओळ वाचावी आणि दोन-तीन वर्षांनी मूल्यांकन नव्याने करून घ्यावे.

दिवाडीच्या प्रवासाबद्दल आपण काळजी व्यक्त केलेली नाही, पण विषय निघालाच आहे म्हणून : नेहमीच्या मोटर पॉलिसीत रस्ता, रेल्वे आणि अंतर्गत जलमार्ग यांवरून नेताना झालेले नुकसान येते, त्यामुळे फेरीबोटीत गाडी उभी असताना काही झाले तर ते संरक्षणाबाहेर नाही. माडावरून पडलेला नारळही बाह्य अपघातातच मोडतो. गंज, झीज आणि आपोआप बंद पडलेले इंजिन मात्र कोणत्याही आकड्याच्या पॉलिसीत येत नाहीत, आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी तशीच सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने इंजिन गेले तर कंपनी ते परिणामी नुकसान म्हणून नाकारू शकते. रॅलीत भाग घ्यायचा असेल तर नेमका कार्यक्रम कळवून लेखी होकार घ्यावा, कारण वेगाच्या किंवा सहनशक्तीच्या स्पर्धा पॉलिसीच्या बाहेर असतात. पुढे एखादा दावा अडला आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडून महिन्याभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. ५० लाखांपर्यंतचे दावे त्यांच्याकडे चालतात.

वेळेचे गणित असे मांडावे. आरसीवरचा इंजिन नंबर प्रथम, कारण अहवालात आणि प्रस्तावात तोच जाणार आहे. नवी आरसी हाती आल्याखेरीज सर्व्हेयरला बोलावू नये. अहवाल सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तयार असावा आणि कंपनीकडे अर्ज पॉलिसी संपण्याच्या किमान महिनाभर आधी पोहोचावा, म्हणजे वरच्या कार्यालयाने प्रश्न विचारले तरी उत्तर द्यायला सवड राहील. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवड्यात फोंड्यातले कोणतेही कार्यालय जागेवर सापडत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. वाहतूक खात्याचे काम त्याच्या अगोदरच उरकून घ्यावे.